हरसूलच्या बाजारातला खो-खो

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, पेठ-हरसूलची दोन दिवसांची सहल करायची आहे. तू गेली आहेस ना? रस्ता कसा, राहायचं कुठे, खायला काय मिळतं, सगळं लिहून पाठव." मी लिहायला बसले आणि रस्ता राहिला बाजूला. कारण मी तिकडे मुक्कामाला गेले ती एकदाच, सत्तरचं दशक संपता संपता, आणि तेही फिरायला नव्हे. खो-खो खेळायला. त्यामुळे हे प्रवासवर्णन जरा जुनं आहे. भाव आणि एसटीची वेळापत्रकं यातून काढू नका, फसाल.

मी तेव्हा नाशिकला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या मुलींच्या खो-खो संघाची कॅप्टन होते. कॅप्टन म्हणजे संघातल्या सगळ्यांच्या वाटची काळजी एकटीने करणारी बाई. माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, हिला देवाने पोटात काळजी घालूनच पाठवलंय. काळजीला कारणही होतं. आम्ही रोज संध्याकाळी जीव तोडून खेळायचो, जिल्हा जिंकायचो, आणि बघायला कोण? पुढच्या सामन्याची वाट बघत बसलेला संघ, आणि सायकल टेकवून शेंगदाणे खाणारे दोघे-चौघे. ते शेंगदाणे संपले की तेही जायचे. पलीकडच्या पानाच्या टपरीवर मात्र ट्रान्झिस्टरभोवती ही गर्दी, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला. न दिसणाऱ्या खेळाला गर्दी आणि समोर दिसणाऱ्याला कोणी नाही! आपल्या मातीतला खेळ, राष्ट्रीय खेळ, असं भाषणात सगळे म्हणायचे. पेपरात बातमी द्यायला गेलं की "जागा उरली तर बघू" असं उत्तर मिळायचं. जागा कधी उरायची नाही.

आमचे काळे सर एक दिवस म्हणाले, "शहर येत नाही ना बघायला? मग आपण गावात जाऊ." त्यांनी पेठला आणि हरसूलला प्रदर्शनीय सामने ठरवले. तिथल्या शाळांना कळवलं, पिवळ्या कागदावर पत्रकं छापून घेतली. दोन संघ होतील एवढ्या आम्ही मुली होतोच. मुली खूश झाल्या. मी मात्र झोपले नाही, कारण या दौऱ्यावर शैलाचं भवितव्य टांगलेलं होतं.

शैला गांगुर्डे आमच्यातली सगळ्यात चपळ मुलगी. तिला पुण्याला राज्य संघाच्या निवड शिबिराला बोलावणं आलं होतं. महिनाभर राहायचं होतं. तिचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली पुस्तकांचं कपाट. मुलीने खेळू नये असलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "सुधा," ते मला म्हणाले, "माझा बाप गावकीची कामं करत वाढला. लोकांनी वरून टाकलेलं घ्यायचं, असं त्याचं आयुष्य गेलं. मी शिकलो ते मानाने जगता यावं म्हणून. शैलानेही शिकून मानाची नोकरी धरावी. तुमच्या खेळाला मान आहे का? महिनाभर अभ्यास बुडवावा एवढा? मी येतो तुमच्याबरोबर. लोक बघतात का, किंमत करतात का, डोळ्यांनी बघतो. मग ठरवू."

म्हणजे लोक आले आणि नीट वागले तर शैला पुण्याला. नाहीतर खेळ बंद. शैला मला म्हणाली, "सुधे, काहीही कर, पण गर्दी जमव." जशी काही गर्दी माझ्या पिशवीत होती.

पहाटेची पेठ गाडी. खो-खोचे दोन लाकडी खांब आम्ही एसटीच्या टपावर चढवले. कंडक्टर म्हणाला, "ह्ये काय, मांडव घालायला चालले का?" सरांनी खो-खो म्हणून सांगितलं. "आस्सं," म्हणाला आणि सामानाचं तिकीट फाडलं. पेठ रस्त्याला आता गाडी कशी सरळ पळते. तेव्हा सावळघाटात एसटी एवढी कण्हायची की आपणच उतरून ढकलावी असं वाटायचं. पण घाटातून मागे बघायला विसरू नका. फेब्रुवारीत डोंगर पिवळे पडलेले असतात, मधूनच पळस पेटलेला दिसतो. मी मात्र डोंगर बघत नव्हते. मी काकांकडे, म्हणजे शैलाच्या वडिलांकडे, बघत होते. त्यांनी स्टँडवरून पेपर घेतला होता आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत बारकाईने वाचत होते. आमची बातमी द्यायला सर स्वतः गेले होते. काकांनी पेपर संपवला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. बातमी नव्हती.

पेठला स्टँडच्या भिंतीवर आमचं पिवळं पत्रक होतं. त्याचा अर्धा भाग सिनेमाच्या पोस्टरखाली गेला होता. वर हिरॉइन आणि तिच्या पायाशी नुसतं "खो सामना" एवढं दिसत होतं. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सामना झाला. बघायला शाळेतली मुलं, त्यांनाही मास्तरांनी रांगेत बसवलेलं, आणि मास्तरांचा एक कान ट्रान्झिस्टरला. शैला त्या दिवशी अशी पळाली की माझ्याच अंगावर काटा आला. मध्येच मास्तर ओरडले, "गेला!" मुलांना वाटलं आमच्यातलं कोणी बाद झालं. कुठेतरी आपला फलंदाज गेला होता.

काका मैदानाच्या कडेला हात मागे बांधून उभे होते. सामना संपल्यावर म्हणाले, "चांगलं खेळलात." बस, एवढंच. जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी होती. पेठला गेलात तर हे जरूर खा, हॉटेलात मिळणार नाही, कोणाच्या तरी घरी सांगावं लागतं. मी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. शैला माझ्या ताटातली भाकरी उचलून खात म्हणाली, "उद्या हरसूलला बाजार आहे. बाजाराला माणसं लोटतात. उद्या बघ." तिला भूक लागायची, काळजीतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरसूलची गाडी धरली. आणि खरंच, काय बाजार होता! डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं चालत आलेली. बांबूच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, मिठाचे ढीग, सुके बोंबील, मोहाची फुलं, बांगड्या. एका कडेला बकऱ्यांचा आणि बैलांचा बाजार. आजही हरसूलला जायचं तर बाजाराचा वार विचारूनच जा, नाहीतर अर्धं गाव बघितल्यासारखं होतं. माझा जीव पहिल्यांदा भांड्यात पडला. मी काकांना म्हटलं, "बघा काका, केवढी माणसं!" काका म्हणाले, "ही बाजाराला आलीत, सुधा. सामना किती वाजता?"

सामना पाच वाजता होता. खो-खो उन्हं उतरल्यावरच खेळायचा, हे आमच्या हाडात बसलेलं. अनवाणी पायांचा खेळ, दुपारी माती तापते. नाशिकला सगळे सामने पाचलाच, म्हणून इथेही पाच. पत्रकावर तसंच छापलेलं. कोणाच्या मनातही दुसरी वेळ आली नव्हती.

बाराच्या सुमाराला आम्ही चहा प्यायला बसलो तर समोरच्या दोन बाया टोपल्या आवरत होत्या. मी चहावाल्याला सहज विचारलं, "एवढ्यात निघाल्या?"

"मंग? बाजार उठायला लागला आता."

"आणि पाच वाजता?"

तो हसला. "पाचला हितं कुत्रं नाय ऱ्हात, ताई. समद्यांना डोंगरात जायचं, पायी. उजेडी घर गाठाया पायजे."

मी कप तिथेच टाकला. सरांकडे धावत गेले. "सर, पाचला कोणी नसणार! आत्ता खेळलो तर खेळलो." सर म्हणाले, "भर उन्हात? आणि शाळेचं मैदान त्या टोकाला. तिथे कोण येणार?" मग इथेच, बाजारात, असं ठरलं. बैलबाजाराच्या शेजारी थोडी मोकळी जागा होती. पहार मागून आणली, खांब रोवले. चुना शाळेत राहिला होता, म्हणून चहावाल्याच्या चुलीतली राख घेऊन रेघा मारल्या. लोकांना बोलवायला सरांनी बॅटरीचा भोंगा आणला होता. तो एकदा खरखरला आणि गप्प झाला. किती थोपटला, हलवला, काही नाही. सामना काय आहे, आम्ही कोण, कुठून आलो, हे सगळं सर त्या भोंग्यातून सांगणार होते. शेवटी त्यांनी बाजारातल्या एकाकडून ढोल मागून आणला आणि स्वतःच वाजवायला लागले.

आणि लोक आले. चारी बाजूंनी आले. बैल सोडून आले, टोपल्या डोक्यावर घेऊन आले, पोरं खांद्यावर घेऊन आले. कडं एवढं घट्ट झालं की राखेच्या रेघा त्यांच्या पायांनी पुसल्या. आयुष्यात एवढी माणसं आमच्या खेळाभोवती मी पाहिली नव्हती. शैलाने माझा हात असा दाबला की नखं रुतली. मी काकांना शोधत होते. ते पुढेच उभे होते, आणि पहिल्यांदाच त्यांचे हात मागे बांधलेले नव्हते.

ज्यांनी खो-खो बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आठ जणी उकिडव्या बसतात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. नववी पळणाऱ्यांचा पाठलाग करते. दमली किंवा डाव टाकायचा असला की बसलेलीच्या पाठीवर हात मारून "खो" देते. मग ती उठते आणि ही तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय बसलेलीने उठायचं नाही. मागे आग लागली तरी नाही.

शैलाने खांबापाशी अंग झोकून देऊन पहिला गडी मारला. त्या कडक जमिनीवर कोपर सोलपटलं. लोकांतून "हाऽऽ" असा आवाज उठला. माझं काळीज सुपाएवढं झालं. आणि मग काहीतरी खण्णकन पडलं.

नाणं होतं. मग दुसरं. मग चारी बाजूंनी.

मला कळायला वेळ लागला. ढोल वाजला, बाजारात कडं धरलं, पोरींनी अंग मोडून खेळ केला. अशा वेळी काय करायचं ते त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. डोंबारी येतात तेव्हा ते हेच करायचे. डोंबाऱ्याच्या खेळाला मी कमी म्हणत नाही, त्याच्याइतकी कसरत आम्हाला जन्मात जमली नसती. आणि लोकांनी काही वाईट केलं नाही. फुकट बघून निघून जाणं त्यांना बरोबर वाटलं नाही, एवढंच. पण मी काकांकडे बघितलं आणि त्यांचंच वाक्य आठवलं. लोकांनी वरून टाकलेलं.

शैला खो देऊन तेव्हा पट्टीवर बसली होती. तिच्या भोवती पैसे पडत होते, एक पायावर पडला, एक खांद्यावर आपटून खाली गेला. तिला उठता येत नव्हतं. खो मिळाला नव्हता. मान ताठ करून ती समोर बघत बसली, आणि तिच्या गालावरून धुळीतून पाणी वाहत होतं. सरांच्या तोंडात शिट्टी तशीच. वाजवायचं त्यांना सुचेना.

काका मैदानात शिरले. मला वाटलं, आता तिला दंडाला धरून उठवणार. गेलंच सगळं. ते तिच्याजवळ गेले आणि खाली वाकले. एकेक नाणं उचलायला लागले. "पोरी अनवाणी आहेत," ते सरांना म्हणाले, "पायाला लागतील. तुम्ही खेळ थांबवू नका." आणि इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस वाकून वाकून पैसे गोळा करत राहिला, आणि खेळ चालू राहिला. मग व्हायचं तेच झालं. लोकांना वाटलं, हाच यांचा पैसे गोळा करणारा. काका कडेला आले की माणसं त्यांच्या हातात नाणी ठेवायला लागली.

सरांनी एकदाची शिट्टी मारली तेव्हा एक म्हातारी काकांपुढे उभी राहिली. डोक्यावर रिकामी टोपली. "ती पोर तुझी का?"

काकांनी मान हलवली.

"लय पळती रं. वारा हाय निस्ता." पदराची गाठ सोडून तिने एक नाणं काढलं. "घे. गूळ घे तिला."

"आजी, आम्ही पैसे घेत नाही," काका म्हणाले. "हा खेळ आहे. ह्या जिल्ह्याच्या खेळाडू आहेत. पैसे नको, आवडलं तर टाळ्या वाजवा."

म्हातारीने त्यांच्याकडे नवलाने बघितलं. "टाळीनं पोट भरतं का बाबा?" म्हणाली, नाणं त्यांच्या मुठीत दाबलं आणि डोंगराची वाट धरली. तिच्या मागोमाग बाकीचेही पांगले. घर लांब होतं त्यांचं.

जमलेले सगळे पैसे काकांनी हरसूलच्या शाळेच्या मास्तरांना दिले. "मुलींसाठी खांब करून घ्या," एवढं बोलले. आजीचं नाणं त्यात टाकलं की नाही, मी पाहिलं नाही.

परतीची गाडी वाघेऱ्याच्या घाटाने, गिरणाऱ्यावरून. या रस्त्याने जाल तर दिवसाउजेडी जा, फार सुंदर आहे म्हणतात. मला त्या दिवसाचा रस्ता आठवत नाही. शैला खिडकीला डोकं टेकवून बसली होती, कोपराला माझा रुमाल बांधलेला. अर्ध्या वाटेत काका सरांना म्हणाले, "सर, एक विचारू?"

"विचारा ना."

"ज्यांना हा खेळ काय आहे हे माहीत नव्हतं, त्यांनी जवळ होतं ते टाकलं. ज्यांना माहीत आहे, ते पेपरवाले, ते भाषणं करणारे, त्यांनी आजपर्यंत काय टाकलं?"

मी मनात म्हटलं, संपलं. मान बघायला आलेल्या माणसाला आम्ही हे दाखवलं. शैलाला माझ्याच्याने तोंड दाखववेना.

नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरलो. रिक्षावाले, भेळेचा वास, सगळं नेहमीसारखं. सर टपावरून खांब उतरवून घेत होते. काकांनी खांबाचं एक टोक धरलं आणि तसंच धरून विचारलं, "पुण्याचं शिबिर कधीपासून आहे?"

सरांनी सांगितलं.

"मी रजा टाकतो. पोचवायला मीच जाईन."

शैला तिथेच, स्टँडवर, सगळ्यांदेखत रडली. मीही रडले. काका म्हणाले, "आता पुरे, लोक बघतायत."

ती गेली, राज्याच्या संघात आली, दोन वर्षं खेळली. पेपरात एकदा बातमी आली तेव्हा चार नावं छापली होती आणि पुढे "व इतर". शैला इतरांत होती. पुढे ती बँकेत लागली. खो-खोचं पुढे काय झालं ते तुम्हाला दिसतंच आहे. मध्ये एकदा टीव्हीवर सामना लागला तर माझ्या नातीने विचारलं, "आजी, हे नवीन निघालंय का?" या खेळाची काळजी मला तेव्हाही होती आणि आजही आहे. वय झालं म्हणून स्वभाव थोडाच जातो.

प्रचार मात्र एका माणसाने केला, आणि तो गांगुर्डे काकांनी. ओझरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कॉलनीच्या ओट्यावर. आठ सुपाऱ्या मांडून ते लोकांना खो-खो समजावून द्यायचे. आणि शेवटी हरसूल यायचंच. "अहो, सगळा बाजार उभा राहिला होता! काय टाळ्या वाजवल्या लोकांनी. अर्धा तास थांबत नव्हत्या." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी आणि शैला शेजारीच बसलो होतो. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. त्या दिवशी हरसूलला एकही टाळी वाजली नव्हती. पैशांचं काकांनी जन्मात कोणाला सांगितलं नाही.

काका गेले त्याआधी काही दिवस मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले होते. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरला त्यांनी तेवढ्यातही हरसूल सांगितलं. डॉक्टर हसून शैलाला म्हणाला, "खरंच का हो? एवढ्या टाळ्या?"

शैलाने वडिलांच्या अंगावरची चादर सारखी केली. "हो," ती म्हणाली, "मी तिथेच बसले होते. अजून ऐकू येतात."